पितृपक्षातलं रिकामं मंगल कार्यालय आणि एक स्नेअर : रीअँपिंगचं एक प्रकरण

गाण्याचं सेशन, म्हणजे सगळे मुद्रित ट्रॅक, मिक्सिंगसाठी माझ्याकडे आलं तेव्हा ड्रमर जर्मनीत पोचलेला होता. जूनमध्ये त्यानं गाण्याचे ड्रम वाजवले, जुलैत तो शिकायला गेला आणि ऑगस्टच्या शेवटी बँडच्या पोरांनी हार्ड डिस्क माझ्या टेबलावर आणून ठेवली. गाणं ४ मिनिटं ४० सेकंदांचं, टेम्पो मिनिटाला ९२ मात्रा. वाजवलं होतं सुरेख. दुसऱ्या कडव्यात उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, सरळ चालतोय आणि डावा स्नेअरवर, म्हणजे खालच्या कातड्याला तारा लावलेल्या ड्रमवर, कुजबुजल्यासारखे हलके ठोके टाकतोय. ड्रमर लोक त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. तो तुकडा मी लागोपाठ तीनदा ऐकला आणि तेव्हाच ठरवलं, की या ठोक्यांच्या जागी दुसऱ्या ड्रमचे आधीच मुद्रित केलेले तयार ठोके बसवायचे नाहीत. जे काही करायचं ते याच हाताच्या वाजवण्यावर.

पण वाजवलं होतं कुठे? एका छोट्या खोलीत. भिंतींना फोम, खाली जाड गालिचा, छत ८ फुटांवर आणि छताला काहीच लावलेलं नाही. आवाज ऐकताना असं वाटत होतं, की कुणीतरी ड्रमवर चादर टाकून वर पत्रा धरलाय.

दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधलं, कारण दोष न समजता उपाय सुरू केला की माणूस नुसते प्लगइन लावत बसतो. ओव्हरहेड माइक छतापासून जेमतेम दीड फूट खाली टांगलेले होते. ठोक्याचा आवाज माइकपाशी येतो, तसाच वर जाऊन छताला लागतो आणि परत माइकपाशी येतो. जायचा दीड आणि यायचा दीड, असा ३ फुटांचा जास्तीचा प्रवास. वेळेत मोजला तर साधारण २.६ मिलिसेकंद. एवढ्या उशिरानं परतलेली लहर मूळ लहरीला १९० हर्ट्झच्या आसपास खोडते, पुन्हा ५७०च्या आसपास खोडते, आणि तशीच खड्ड्यांची ओळ वरपर्यंत लागते. या स्नेअरचं पोट, म्हणजे त्याचा भरीव खालचा आवाज, नेमकं १९०च्या आसपास होतं. म्हणजे संपूर्ण किटचं चित्र ज्या दोन माइकांनी द्यायचं, त्यांच्यात स्नेअरचा जीवच नव्हता. इक्वलायझरनं १९० उचलून पाहिलं. खड्डा काही भरला नाही, फक्त आजूबाजूची घाण वर आली.

जवळचे माइक मात्र चांगले होते. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर, दोन टॉम, सगळे स्वच्छ, कुठेही आवाज फाटलेला नाही. स्नेअरला खालून माइक लावलेला नव्हता, त्यामुळे तारांची सळसळ जवळजवळ गायब. रूम माइक, म्हणजे खोलीचा घुमारा टिपणारा, असा एक ट्रॅक होता, पण त्या खोलीत रूम म्हणण्यासारखं काही नव्हतंच. तो मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला.

रीअँपिंग म्हणजे मुद्रित केलेला आवाज पुन्हा हवेत सोडायचा आणि त्या हवेतून पुन्हा माइकमध्ये घ्यायचा. हे नाव गिटारवाल्यांमुळे पडलं : मुद्रित गिटार पुन्हा अँपमधून वाजवायची, म्हणून रीअँप. जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन इंजिनिअरनं १९९०च्या दशकात ‘रीअँप’ नावाचा छोटा डबा बाजारात आणला, तेव्हापासून तो शब्द रूढ झाला. काम त्याहून कितीतरी जुनं आहे. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम या साउंड इंजिनिअरनं हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाच्या माउथ ऑर्गनचा आवाज स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकरवर वाजवला आणि तिथला घुमारा माइकनं परत घेतला. हॉलीवूडमधल्या कॅपिटॉल रेकॉर्ड्स कंपनीच्या इमारतीखाली जमिनीत बांधलेल्या एको चेंबरचंही तत्त्व हेच : एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक, मध्ये नुसती हवा आणि गुळगुळीत भिंती. आपल्याकडे तसं चेंबर बांधून ठेवणं कुणाला परवडणार? मला मोठी, कडक भिंतींची, रात्री शांत असणारी जागा हवी होती. आणि पुण्यात वर्षातले पंधरा दिवस अशा जागा ओस पडतात. पितृपक्षात लग्नं नसतात, मुंजी नसतात. गणपती उठलेले असतात, त्यामुळे संध्याकाळचे ढोल-ताशांचे सरावही थांबलेले असतात.

ओळखीतून एक मंगल कार्यालय मिळालं. हॉल २१ मीटर लांब, १२ मीटर रुंद, छत साडेपाच मीटरवर. खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट, एका टोकाला नवरा-नवरी बसतात ते स्टेज. तिथली देखभाल करणारे मामा पहिल्या भेटीत नाखूश होते.

“ताई, या दिवसांत वाजवणं बरं नाही.”

मी त्यांना स्नेअरचा एकच ठोका मोबाइलवर ऐकवला आणि सांगितलं, “मामा, हा मुलगा आता परदेशात आहे. त्यानं वाजवलेलं वाया जाऊ नये एवढंच बघतेय. सण-समारंभ काही नाही.” त्यांनी थोडा विचार केला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे निघाले.

आत जायच्या आधी एक प्रश्न मिटवायला हवा, कारण तो मला दरवेळी विचारला जातो. जागेचा घुमाराच हवा असेल, तर तिथे एक स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज, वाजवून त्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे तिच्या घुमाऱ्याचा ठसा, घ्यायचा आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरमध्ये करायचं, हे पुरेसं नाही का? पुष्कळदा पुरतं. घुमारा ही सरळ हिशेबाची गोष्ट आहे : आवाज दुप्पट सोडला की घुमाराही दुप्पट. जागा तीच, स्पीकर-माइकची जागा तीच, तर स्वीपमधून मिळालेलं उत्तर प्रत्यक्ष वाजवण्याच्या फार जवळ जातं. जिथे हिशेब सरळ राहत नाही, तिथे स्वीप कमी पडतो. स्नेअरच्या तारा हलक्या ठोक्याला वेगळ्या थरथरतात आणि जोरातल्या ठोक्याला वेगळ्या. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, गिटार अँप हलक्या सुराला स्वच्छ ठेवतो आणि जोरातल्या सुराला चरचरीत करतो. असलं वागणं स्वीपच्या फाइलमध्ये मावत नाही. मग हॉलसाठी मी प्रत्यक्ष वाजवणं का निवडलं? कारण माइक हातभर सरकवला की आवाज काय होतो, हे मला उभ्या जागी, त्याच गाण्यात ऐकायचं होतं. स्वीप घेऊन घरी गेलं की जागा बदलता येत नाही. तरी दोन्ही रात्री स्वीपही घेऊन ठेवले.

पहिली रात्र

सामान साधं होतं : १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, लॅपटॉप, आठ इनपुटचा इंटरफेस (लॅपटॉपला माइक आणि स्पीकर जोडणारा डबा), सर्व दिशांनी ऐकणारे दोन कंडेन्सर माइक आणि एक रिबन माइक. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण टाळणारी, तीन तारांची) थेट स्पीकरला. इथे रीअँप बॉक्स लागत नाही, कारण लाइन पातळीचा सिग्नल लाइन इनपुटलाच जातोय. त्या डब्याचं काम वेगळं आहे, ते पुढे पेटीच्या वेळी येईल.

रात्री अकराला बसलो आणि पहिला तास आवाज बंद करण्यात गेला. ट्यूबलाइटच्या चोकची घरघर होती, सगळ्या ट्यूब बंद केल्या आणि बॅटरीच्या उजेडात काम केलं. पंखे बंद. स्वयंपाकघरातला फ्रीज दर वीस मिनिटांनी घुरघुरायचा. तो बंद केला आणि माझ्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली, म्हणजे जाताना तो चालू करायचं विसरणं शक्यच नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण यायची. स्टेजवरचा सॉकेट एका लाइनवर आणि माझ्या टेबलाजवळचा दुसऱ्या, त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक. सगळं एकाच बोर्डावर घेतलं, लॅपटॉप बॅटरीवर टाकला, गुणगुण गेली.

मग इंटरफेसचा आउटपुट केबलनं थेट त्याच्याच इनपुटला जोडला आणि एक टिक पाठवून परत घेतली. सॉफ्टवेअर स्वतःचा उशीर भरून काढतं, पण ड्रायव्हर जो आकडा सांगतो तो दरवेळी खरा असेलच असं नाही. माझ्या सेटअपमध्ये परतलेली टिक ४१ सॅम्पल उशिरा होती. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेतले जातात तेव्हा, हे ०.८५ मिलिसेकंद होतात. हॉलच्या घुमाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, पण जवळच्या ट्रॅकसोबत जे जुळवायचंय, त्यात एवढ्यानंसुद्धा ६०० हर्ट्झखाली नवा खड्डा पडतो. आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या प्रत्येक ट्रॅकमधून तेवढा वजा केला. ही पाच मिनिटांची चाचणी केल्याशिवाय मी आता एकही रीअँप घेत नाही.

स्पीकर स्टेजवर ठेवले ते एकमेकांना पाठ करून : एकाचं तोंड मागच्या भिंतीकडे, दुसऱ्याचं हॉलकडे पण कोपऱ्यात. खरा ड्रम चारी बाजूंना वाजतो, स्पीकर समोरच बोलतो. दोन्ही माइकांकडे रोखून ठेवले असते तर ‘हॉलमध्ये वाजणारा ड्रम’ न येता ‘हॉलमध्ये वाजणारा स्पीकर’ आला असता. कंडेन्सर माइकांची जोडी ९ मीटरवर, साडेतीन मीटर उंचीवर. रिबन जवळ, ४ मीटरवर. रिबन पुढून आणि मागून ऐकतो, बाजूनं जवळजवळ बहिरा असतो. ती बहिरी बाजू स्पीकरांकडे केली, म्हणजे त्याला थेट आवाज कमीत कमी आणि भिंतींचा जास्त.

पहिला ठोका सोडला आणि स्टेजच्या मागून झिणझिण असा बारीक आवाज आला. मी केबल तपासल्या, स्पीकरची जाळी दाबून पाहिली, माइकचे स्टँड हलवले. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, “ताई, ती ताटं वाजतायत.” स्टेजमागच्या कोठीत स्टीलच्या ताट-वाट्यांची चळत होती. प्रत्येक स्नेअरला ती थरथरत होती. मी ती अर्धा तास शोधत बसले असते. त्यांना त्या जागेतला प्रत्येक आवाज पाठ होता. त्यांनी चळतीवर एक गादी टाकली आणि झिणझिण थांबली.

त्या गादीनंच पुढची वाट दाखवली. स्वीपवरून हॉलचा घुमारा जवळपास ३ सेकंदांचा येत होता. ९२च्या टेम्पोत एक मात्रा म्हणजे ०.६५ सेकंद. एक ठोका विझायच्या आत पुढचे चार अंगावर येत होते. कोठीत लग्नाच्या पाहुण्यांसाठीच्या गाद्या रचलेल्या होत्या. मामा आणि मी तीस गाद्या काढून दोन्ही लांब भिंतींना उभ्या टेकवल्या. पुन्हा स्वीप घेतला : २ सेकंदांच्या आसपास. कापसाच्या गादीनं मधला आणि वरचा भाग छान आवळला. खालचा घुमारा मात्र तसाच राहिला, कारण तेवढ्या लांब लहरींना चार इंचांची गादी अडवू शकत नाही. म्हणून किक या हॉलमध्ये पाठवायचीच नाही असं ठरवलं. स्नेअर आणि टॉमही १२० हर्ट्झखाली कापून सोडले.

इतकं सगळं करूनही पहिल्या रात्रीचं मुद्रण मी फेकून दिलं. दोन कारणांनी.

पहिलं : मी आवाज फार मोठा सोडला होता. मोठ्या जागेत मोठा आवाज, असं मनात होतं. स्नेअरच्या ठोक्याचं शिखर सरासरीपेक्षा कितीतरी उंच असतं आणि प्रत्येक शिखराला स्पीकरचा आतला लिमिटर ते दाबत होता. स्पीकरमागचा लाल दिवा लुकलुकत होता, पण तो दोन स्पीकरांच्या पाठींमध्ये दडला होता आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन लावून बसले होते. घरी ऐकलं तेव्हा ठोक्याचं टोक बोथट आणि मागची शेपटी फुगलेली.

दुसरं कारण जास्त लागलं. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट शिरतो, तो शिरतोच. जवळच्या ट्रॅकमध्ये तो दबून राहतो. पण तोच ट्रॅक मोठ्या हॉलमध्ये सोडला की हॅटही हॉलभर पसरतो, आणि सगळ्या गाण्यावर एक सतत चाललेला ‘छ्स्स’ बसतो. गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं प्लगइन, लावून पाहिला. गेटनं हॅट गेला आणि त्याबरोबर घोस्ट नोट्सही गेल्या. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच गेलं.

हातानं कापलेले ठोके

मधले दोन दिवस मी स्नेअरचा ट्रॅक ठोक्या-ठोक्यानं कापला. १०७ आवर्तनं, प्रत्येकात दोन मोठे ठोके, आणि शिवाय त्यांच्यामधले हलके. मोठ्या ठोक्याला पुढे ३ मिलिसेकंद जागा ठेवायची, मागे आवाज विझेपर्यंत शेपटी सोडायची, मग आवाज हळूहळू शून्यावर न्यायचा. हलक्या ठोक्याचं अवघड. तो आणि हॅट जवळजवळ एकाच उंचीचे. तिथे ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग फक्त त्या तुकड्यापुरता उतरवला, म्हणजे हॅट मागे गेला आणि डाव्या हाताचा ‘टप’ राहिला. दुसऱ्या कडव्यात एका ठिकाणी लागोपाठ तीन हलके ठोके आहेत, तिसरा पहिल्या दोनांपेक्षा किंचित उशिरा. कापता कापता तो सरळ करायचा मोह होतो, कारण स्क्रीनवर रेघ समोर दिसत असते. मी तो होता तिथेच ठेवला. तो उशीरच त्या ओळीचा झोका आहे.

झांजा हॉलमध्ये पाठवल्या नाहीत. ओव्हरहेडमधला छताचा दोष हॉलमध्ये पाठवून धुतला जात नाही, तो दोषच हॉलभर घुमतो. रीअँपिंगला जे द्याल तेच ते मोठं करून परत देतं.

दुसरी रात्र

दुसऱ्या रात्री स्पीकरची पातळी १० डेसिबल उतरवली. या खेपेला स्पीकरचे मागचे दिवे दिसावेत म्हणून मी स्टेजच्या कडेला बसले. एकही लुकलुक नाही. पण आवाज खाली आला की हॉलचा स्वतःचा आवाज वर येतो : लांबची रिक्षा, पाण्याच्या टाकीचा थेंब, वाऱ्यानं हलणारं खिडकीचं तावदान. त्यावर एक जुना उपाय आहे, आणि तो रीअँपिंगलाच शोभतो. माणूस दोनदा तंतोतंत सारखं वाजवू शकत नाही, फाइल वाजवू शकते. तेच ठोके चार वेळा सोडले आणि चार वेळा मुद्रित केले. चारही ट्रॅक एकावर एक ठेवून मिळवले की ठोका ठोक्यावर बसतो आणि १२ डेसिबल वाढतो. बाहेरचा गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा, त्यामुळे तो फक्त ६ वाढतो. म्हणजे निव्वळ फायदा ६ डेसिबलचा.

यात एक अट असते, हवा हलता कामा नये. परीक्षा म्हणून एकदा पंखा चालू ठेवून दोन खेपा घेतल्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लहरीची वरची बाजू खाली करून, मिळवल्या. दोन्ही सारख्या असत्या तर जवळजवळ शांतता मिळाली असती. सुरुवातीचा ठोका नीट खोडला गेला, पण घुमाऱ्याच्या शेपटीतला वरचा भाग तसाच उरला. हलत्या हवेत लहरींची वाट प्रत्येक खेपेला थोडी बदलते. पंखा बंद करून, पाच मिनिटं हवा थांबू देऊन घेतलेल्या खेपा शेपटीपर्यंत जुळल्या. तेवढा वेळ मी आणि मामा अंधारात न हलता बसलो होतो. घामाच्या धारा लागल्या होत्या.

तिसऱ्या खेपेत एक पारवा झरोक्यातून फडफडला. ती खेप पुन्हा घेतली.

पहाटे साडेचारला गाद्या परत कोठीत रचल्या, कारण दहाला तिथे कुणाकडचं श्राद्धाचं जेवण होतं. फ्रीज चालू केला, किल्ली घेतली.

तारांची सळसळ

स्नेअरचं पोट आणि घुमारा मिळाला, तारा अजून नव्हत्या. त्यासाठी हॉल लागत नाही. एका ओळखीच्या वादकाकडून १४ इंची स्नेअर आणला, साधारण मूळ सुराच्या जवळ ताणला, आणि त्याच्या वरच्या कातड्यावर ५ इंची छोटा स्पीकर पालथा ठेवला. मध्ये कापडाची पातळ घडी, म्हणजे स्पीकरची कड कातड्यावर वाजणार नाही. खालून माइक. आता कापलेले ठोके या स्पीकरमधून सोडले, की वरचं कातडं हलतं, आतली हवा हलते, खालचं कातडं हलतं आणि तारा सळसळतात.

इथे मला खरा आनंद झाला. मोठ्या ठोक्याला तारा ‘चर्र’ करून बसत होत्या, आणि घोस्ट नोट्सना नुसत्या शहारत होत्या. तो फरक कुठल्याही प्लगइननं बनवलेला नव्हता. ड्रमरच्या डाव्या हातानं जूनमध्ये जेवढा जोर लावला होता, तेवढ्याच प्रमाणात सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच स्नेअरच्या तारा हलत होत्या.

हा ट्रॅक मात्र जवळच्या स्नेअरशी नीट जुळवावा लागतो. पोलॅरिटी उलटी करायची, ट्रॅक थोडा थोडा सरकवत दोन्हींची बेरीज सर्वांत पातळ, सर्वांत पोकळ वाटेल ती जागा शोधायची, आणि तिथे पोलॅरिटी परत सरळ करायची. पोकळपणा कानाला चटकन कळतो, भरीवपणा कळायला वेळ लागतो, म्हणून हा उलटा रस्ता सोपा.

पेटी आणि ताशा

याच गाण्यात पेटी होती, त्याच खोलीत घेतलेली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्यासारखी. तिला हॉल नको होता, थोडी धार हवी होती. म्हणून ५ वॉटचा व्हॉल्व्ह गिटार अँप. आता रीअँप बॉक्स लागतो. इंटरफेसमधून निघणारा व्यावसायिक लाइन पातळीचा सिग्नल साधारण १.२३ व्होल्टचा असतो. गिटारचा पिकअप त्याच्या अगदी थोडा अंश देतो आणि अँपचा इनपुट त्याच अपेक्षेनं बांधलेला असतो. बॉक्स पातळी खाली आणतो, बॅलन्स्डचं अनबॅलन्स्ड करतो, आणि आतला ट्रान्सफॉर्मर दोन उपकरणांच्या जमिनी वेगळ्या ठेवतो, म्हणून गुणगुण येत नाही. बॉक्स नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय (गिटार माइकच्या इनपुटला जोडायचा डबा) उलटा जोडून काम भागतं, पण उलटा डीआय व्होल्टेज वाढवतो. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये पातळी अगदी तळाशी नेऊन सुरुवात करायची आणि हळूहळू वर यायचं.

पेटीनं एक त्रास दिला. सूर थांबतो तिथे भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट राहते. मूळ ट्रॅकमध्ये ती गोड लागते. अँपमधून ती सुराइतकीच मोठी होऊन आली, कारण अँप हलकं वर आणतो आणि मोठं दाबतो. पुन्हा कापणं आलं. अँपला फक्त सूर दिले, श्वास मूळ ट्रॅकवरच राहू दिला. मिक्समध्ये अँपची पेटी मूळ पेटीच्या पोटाखाली ठेवली आहे, वेगळी ओळखू येणार नाही इतकी.

शेवटच्या अंतऱ्यात ताशा आहे. बंद खोलीत घेतलेला ताशा म्हणजे डब्यावर काडी. ताशाला उघडी जागा आणि समोर भिंत लागते, मिरवणुकीत तो पेठेच्या घरांवर आपटून परत येतो म्हणून तर अंगावर येतो. कार्यालयामागच्या अंगणात समोरची इमारत १२ मीटरवर होती. स्पीकर तिच्याकडे तोंड करून आणि माइक स्पीकरच्या मागे ठेवला, की आवाज २४ मीटर फिरून ७० मिलिसेकंदांनी परत येतो, स्पष्ट वेगळा ऐकू येणारा पडसाद. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे हे दुपारी केलं, आजूबाजूच्या घरांत आधी सांगून. उघड्यावर वारा असतो, खेपांची बेरीज जुळत नाही. दोन खेपा घेतल्या, एकीत कुकरची शिट्टी आली, दुसरी ठेवली.

मिक्समध्ये काय गेलं

हॉल ९ मीटरवरून घेतला होता, म्हणजे जवळच्या ट्रॅकपेक्षा २६ मिलिसेकंद मागे. मला ते आवडलं होतं, जागा मोठी वाटत होती. पहिला मिक्स ड्रमरला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“ताई, आवाज भारीच झालाय. पण मी मागे पडल्यासारखा वाटतोय.”

वाजवणाऱ्याचा कान इथे माझ्यापेक्षा खरा. हॉलचे ट्रॅक १४ मिलिसेकंद पुढे ओढले, १२ शिल्लक ठेवले. पुन्हा पाठवलं. त्यानं एवढंच लिहिलं, “आता मी आहे.” त्यानंतर मी त्या ट्रॅकांना हात लावला नाही.

शेवटच्या मिक्समध्ये तारांचा ट्रॅक जवळच्या स्नेअरपेक्षा ९ डेसिबल खाली आहे आणि हॉलची जोडी १४ खाली. रिबन फक्त धृपदात येतो. हॉल बंद केला तर कळतं, चालू असताना तो कुठे आहे ते दाखवता येत नाही. स्नेअरचं पोट आता जवळच्या माइकमधून आणि हॉलमधून येतं. ओव्हरहेड मी ४०० हर्ट्झखाली कापून टाकले, त्यांच्याकडून फक्त झांजा घेतल्या. तरीही ५७०चा आणि त्याच्या वरचे खड्डे त्यांच्यात आहेतच. पहिल्या धृपदात क्रॅश ही मोठी झांज वाजते तेव्हा ती किंचित पोकळ वाटते. त्यावर मला उपाय सापडला नाही. ज्या रात्री मास्टर पाठवला, त्या रात्रीही मी ती क्रॅश ऐकत बसले होते.